वीस फुटांवरची कुजबूज

माझी बायको भांडखोर नव्हती. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या गल्लीत अजून काही लोकांना तसंच वाटते. तिला मोठ्यानं बोलावं लागायचं, कारण मी बहिरा आहे. डावा कान पार गेलेला, उजव्यात थोडं उरलेलं. फौजेत तोफखान्यात सतरा वर्षं काढली. तोफ सुटायची तेव्हा कानात घालायला कापसाचा बोळा, तोही आपला आपण आणलेला. आमच्याकडे कापूस काय कमी? सुट्टीवरून परत जाताना मी सरकी काढलेला पिशवीभर कापूस घेऊन जायचो आणि तोफेवरच्या सगळ्यांना वाटायचो. त्यानं काही झालं नाही. तोफ कापसाला जुमानत नाही.

पेन्शनीवर आलो, पांढुर्ण्यात राहायला लागलो. माझा कान जसा उतरत गेला तसा तिचा आवाज चढत गेला. ती विचारायची, "भाजीत मीठ बरोबर हाय का?" तर चार घरं पलीकडचा माणूस ओट्यावरून उत्तर द्यायचा, "कमी हाय म्हणा!"

समोरच्या घरी अंगणवाडीतून रिटायर झालेली बाई राहते. गल्ली तिला मॅडम म्हणते, मीही तेच लिहितो. मॅडमनं माझ्या बायकोचं नाव भोंगा ठेवलं होतं.

"ओ भोंगा, जरा हळू! इथं माणसं राहून राहिली."

"मॅडम, तुमच्या मालकाले कान हायेत. आठ दिवस माह्यावाला ठेवून पाहा, मग सांगा."

दोघी हसायच्या. पण मॅडम तेच दुसऱ्यांना सांगायची तेव्हा हसून सांगायची नाही. कोणाकडे लग्नाची बोलणी असली की हिला बोलावताना लोक विचार करायचे.

मोठ्यानं सांगता येत नाही अशा गोष्टी ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहून द्यायची. 'दोन दिवस झाले पोटात दुखून राहिलं.' 'तुमच्या भावानं जे म्हटलं ते मला आवडलं नाही.' मी वाचायचो, मान हलवायचो, कागद चुलीत जायचा. आता वाटते ठेवायला पाहिजे होते.

तिचं माहेर सौसरचं. तिथं तिच्या भाच्याच्या हळदीला गेलो होतो. कोणी म्हातारे मला हाक मारत होते, मी दुसरीकडेच पाहत बसलेलो. ती माझ्या उजव्या बाजूला आली आणि ओरडली, "अहो, मामाजी बोलावून राहिले, उठा!" मांडवातली एक पाहुणी म्हणाली, "पोरगी आपलीच, पण जावयाले कशी झाडते पाहा." मला अर्थातच ऐकू आलं नाही. तिला आलं.

परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाली, "तुमची पेटी उघडा. तुमच्या कानाबद्दल सरकारनं काय लिहिलं ते मले पाहू द्या."

"कायले?"

"मले लिहून पाहिजे. याच्या कानात तोफ फुटली म्हणून ही बाई ओरडते, असं सरकारनं लिहून द्यावं. वरचं पेन्शन देवो का नाई देवो. मी तो कागद काचेत घालून दाराले लावते."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा समजलं की ही आता थांबणार नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेली. ती दहावी पास. पेटीतला कागद इंग्रजीत होता. ती डिक्शनरी घेऊन तीन दुपारी बसली. मला फौजेतून सोडताना डॉक्टरांचं बोर्ड बसलं होतं, त्यांचा तो कागद. त्यात लिहिलेलं, बहिरेपण फौजेच्या नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. या दोन वाक्यांवर सगळं असते. दोन्हींपैकी एकाच्या जागी होय आलं, तर अपंगत्वाचं पेन्शन मिळते. दोन्हीकडे नाही आलं तर घरी बसायचं. खाली कारण दिलेलं. लहानपणी गावच्या जत्रेत डोक्याला डाव्या बाजूला दगड लागला, असे याने स्वतः सांगितले.

तिनं कागदावरून मान वर केली. "तुमाले गोटमारीत कधी दगड लागला जी?"

मी पेटीचं झाकण लावत बसलो.

"सासूबाई तं सांगत होत्या, तुमी कापसाच्या बंडीवरून झोपेत पडले. चाकाची लोखंडी धाव कानाले लागली."

खरं तेच होतं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. डोकी फुटतात. ज्याला दगड लागला तो वर्षभर शर्टाची बटणं उघडी ठेवून फिरतो. मी पांढुर्ण्याचा असून मला कधी लागला नाही, कारण मी कधी तिथं नसायचो. माझ्या आईचा भाऊ त्यात जन्माचा अधू झालेला. म्हणून ती मला पोळ्याच्या संध्याकाळीच तिगावला मावशीकडे नेऊन ठेवायची. मिशा फुटल्या तरी नेत होती. भरती झालो त्या साली पण नेलं.

ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात उस्तादानं माझ्या कानावरचा व्रण पाहून विचारलं, "ये कहाँ से लाया?" बंडीवरून पडलो म्हणून सांगायची लाज वाटली. म्हटलं, "गोटमार का पत्थर, उस्ताद." त्या दिवसापासून मी सगळ्यांत पत्थरवाला झालो. सतरा वर्षं तेच नाव. जिथं बदली झाली तिथं गोष्ट आधी पोचायची. मीही तिच्यात दरवर्षी थोडी भर घातली. शेवटी शेवटी तर झेंडा मीच तोडला होता.

सुटायच्या वेळी बोर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला आधी कधी मार? मी छाती काढून तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी न वाचता सही केली. पांढुर्ण्याचा माणूस हा प्रश्न आला की दुसरं उत्तर देतच नाही. भरतीच्या वेळी फक्त छाती मोजतात असं माझ्या डोक्यात होतं, सुटतानाही मोजतील असं समजलो.

बायको म्हणाली, "अपील करू. आणि त्यात खरं लिहू."

"ते लिहायचं नाई."

"काहून?"

"गावात समजते."

"दिल्लीच्या कागदातलं गावाले कसं समजते?"

"समजते."

तिनं डिक्शनरी मिटली. मग तिनं मला न विचारता तोफांवर चार पानं लिहिली. कोणती तोफ, किती वर्षं, कानात कापूस, सगळं. दगडाबद्दल एक शब्द नाही. निकालानंतर सहा महिन्यांत अपील करायची असते आणि आम्हाला किती वर्षं झालेली. म्हणून उशिराची माफी मागणारं वेगळं पान जोडलं. त्या कामासाठी छिंदवाड्याला, माजी सैनिकांच्या ऑफिसात जावं लागे. तिथल्या बाबूनं ठप्पा मारला आणि म्हणाला, "अब भूल जाओ, काका."

ही पहिली अपील कशी ठरते हे मला नंतर समजलं. दिल्लीला काही अफसर आणि डॉक्टर बसतात. तुम्हाला बोलावत नाहीत, कान पाहत नाहीत. तुमचे जुने कागद पाहतात आणि नव्या अर्जात जुन्या कागदाला खोटं पाडेल असं काही आहे का, ते पाहतात. आमच्यात नव्हतं. आठ-नऊ महिन्यांनी एक पान आलं. खारीज. कारण तेच, अर्जदाराने स्वतः सांगितले आहे की.

दुसरी अपील त्याहून मोठ्या अफसरांपुढे असते, ती पण कागदावरच. या वेळी ती हट्टाला पेटली. पोळा जवळ आलेला. मी ओट्यावर बैलाच्या झुलीचे गोंडे शिवत बसलो होतो, शेजारची दोन माणसंही होती. ती आतूनच ओरडली, "लिहू का नाई बंडीचं?"

मी घाबरून आत धावलो. "हळू बोल ना अवो!"

"हळू बोलली तं तुमाले ऐकू येते का?"

मी दार लोटून घेतलं. पण बंडीचं लिहू दिलं नाही. तिनं पुन्हा तोफाच लिहिल्या, या वेळी सहा पानं. शेवटी एवढं जोडलं की भरती झाला त्या दिवशी याचे कान चांगले होते, तुमचाच भरतीचा कागद काढून पाहा. मी म्हटलं, तो कागद कुठं राहिला असेल आता. ती म्हणाली, सरकार कागद फेकत नाही. दुसरी अपीलही खारीज झाली. कागद कोणी काढून पाहिला असं त्यात कुठं दिसलं नाही.

तो लिफाफा आला तेव्हा ती आजारी होती. पोटाचंच होतं, कॅलेंडरच्या पानावरचं. तिनं डॉक्टरला उशिरा सांगितलं आणि मला वाचूनही उशिरा समजलं. नागपूरला भरती केलं. मोठ्या वॉर्डात दोन्ही बाजूला माणसं. तिथं ती ओरडू शकत नव्हती. ताकदही नव्हती आणि लाजही वाटत असेल. शेवटच्या दुपारी तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. ती काही बोलली. बऱ्यापैकी लांब बोलली, एक शब्द नव्हता. श्वास कानाला लागला, बोलणं आलं नाही. तिच्या डोळ्यांत प्रश्न दिसला. मी होकाराची मान हलवून म्हटलं, "हाव."

तिनं डोळे मिटले. कशाला हाव म्हटलं ते मला माहीत नाही. आजूबाजूला कोणी ऐकलं असेल म्हणून मी नर्सला विचारलं, पलीकडच्या पेशंटच्या बाईला विचारलं. कोणी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर महिनाभर मी विचार केला. काय विचारलं असेल? दूधवाल्याचं काही असेल. माहेरच्या लुगड्यांचं असेल. किंवा ते बंडीचं असेल. बाकी कशाचं मी काही करू शकत नव्हतो. त्या एकाचं करू शकत होतो.

दोन अपिली गेल्या की मग सैनिकांच्या खटल्यांची वेगळी अदालत असते. आमच्यासाठी ती जबलपूरला. रेल्वेनं इटारसी, तिथं गाडी बदलून जबलपूर. वकील एक तरुण बाई मिळाली. ती मला बोललेलं कागदावर लिहून दाखवायची, म्हणून माझं तिच्याशी जमलं. मी तिला सांगितलं की मला शपथपत्र करायचं आहे, दगडाची गोष्ट खोटी होती.

तिनं लिहिलं, 'गरज नाही. उलटंही पडू शकते. एकदा खोटं बोलले तर आताचं खरं कशावरून, असं विचारतील.'

मी म्हटलं, "विचारू द्या."

तिनं लिहिलं, 'मग आधी का नाही सांगितलं?'

मी म्हटलं, "बायको जिवंत होती म्हणून." ते बरोबर उत्तर नव्हतं, गावाची लाज होती. पण तिनं पुढं विचारलं नाही.

तारखांवर तारखा पडल्या. एकदा सरकारी वकील आला नाही, एकदा फाईल आली नाही. एकदा आमचं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलेलो, ऐकू आलं नाही, वकीलबाई धावत येऊन घेऊन गेली. पण तिथं एक गोष्ट वेगळी होती. त्यांनी सरकारला सांगितलं की या माणसाची सगळी फाईल आणा, पहिल्या दिवसापासूनची. आणि ती आली. बायको बरोबर बोलली होती, सरकार कागद फेकत नाही.

शेवटच्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, दोघं बसले होते. एक जज आणि एक फौजेतला मोठा अफसर, रिटायर झालेला. अशा अदालतीत दोन्ही लागतात, एकाला कायदा समजते, एकाला तोफ. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंडं हलताना दिसायची. वकीलबाई फाईलच्या कडेला पेन्सिलनं लिहीत होती. पहिलं लिहिलं, 'भरतीचा कागद वाचताहेत.' मग, 'डाव्या कानावर जुना व्रण, बरा झालेला, नोंद आहे.' माझा हात डाव्या कानावर गेला. मग तिनं लिहिलं, 'दोन्ही कान, वीस फुटांवरून कुजबूज ऐकली.'

ते वाचल्यावर मला तो दिवस आठवला. आम्हाला फक्त चड्डीवर उभं केलेलं. तोंड भिंतीकडे. मागं वीस फुटांवर डॉक्टर उभा राहून कुजबुजायचा आणि आपण मोठ्यानं सांगायचं. आधी एका कानावर बोट, मग दुसऱ्या. मी सगळं बरोबर सांगितलं होतं. 'बाईस.' 'सत्तर.' 'पानी.' कोण कुठला तो डॉक्टर, त्याची कुजबूज मला वीस फुटांवरून आली होती आणि अजून लक्षात आहे.

जज काही बोलले आणि वकीलबाईचा हात भराभर चालला. 'म्हणतात, दगड असो की बंडी, ते भरतीच्या आधीचं. व्रण तेव्हाच होता आणि कान तेव्हा चांगले होते. घेताना चांगला घेतला, सोडताना बहिरा सोडला. मधे काय झालं ते सरकारनं दाखवावं, सैनिकानं नाही. शंका असेल तर फायदा सैनिकाला.'

तेवढंच. इतक्या वर्षांचं तेवढंच होतं.

मग तो अफसर माझ्याकडे वाकला आणि मोठ्यानं बोलला. तोफखान्याचाच असावा, कारण बहिऱ्याशी कसं बोलायचं ते त्याला माहीत होतं. "हवलदार, सच में एक भी पत्थर नहीं खाया?"

मी उठून उभा राहिलो. "नहीं साहब. माँ मौसी के घर छोड़ आती थी."

सगळ्यांचे खांदे हलले. हसण्याचा आवाज मला आला नाही. मला वाईटही वाटलं नाही. ज्या गोष्टीपायी मी बायकोला सहा पानं तोफा लिहायला लावल्या, ती तराजूत पडली तर काटा जागचा हलला नाही. बाहेर आल्यावर मी वकीलबाईला विचारलं, पहिल्याच अपिलीत खरं लिहिलं असतं तर?  तिनं लिहिलं, 'सांगता येत नाही.' खरी बाई आहे.

फैसला काही महिन्यांनी पोस्टानं आला. इंग्रजी होता. वकीलबाईनं सोबत हिंदीत एक पान लिहून पाठवलं होतं. मला चष्म्यानंही बारीक अक्षर लागत नाही. सकाळी मॅडम समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी तिच्याकडे गेलो आणि पान पुढं केलं.

"वाचून दाखवा."

तिनं वाचलं. मला काही आलं नाही. म्हटलं, "मोठ्यानं."

तिनं आवाज चढवला. मी उजवा कान पुढं केला. "अजून."

मग ती ओरडून वाचायला लागली. या सैनिकाचं बहिरेपण तोफखान्यातल्या नोकरीमुळे झालं आहे, भरतीच्या वेळी त्याचे दोन्ही कान चांगले होते. एकेक शब्द तोडून, गळ्याच्या शिरा ताणून. चार घरं पलीकडचा माणूस बाहेर येऊन उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी थांबली, दोन बायका खिडकीत आल्या. कोणीतरी तिकडून काही विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण मॅडमनं तिकडे मान वळवली आणि त्याच आवाजात उत्तर दिलं, "भांडण नाई हो! वाचून राहिली मी!"

आणि ती थांबली. पान मांडीवर ठेवलं. सुपातल्या गव्हात नुसती बोटं फिरवत राहिली. मग ती काही बोलली, या वेळी हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात. ओठ हलले तेवढे दिसले.

मी हाव म्हटलं नाही. ते मी आता सोडून दिलं आहे. मी म्हटलं, "मॅडम, ऐकू नाई आलं. पुन्हा बोला."

तिनं पदरानं डोळे पुसले, श्वास भरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "बिचारी रोज असंच बोलत होती का जी?"

"रोज," मी म्हटलं.

कागद काचेत बसवायला बाजारात नेऊन दिला आहे. दुकानदार म्हणाला, देवाचा फोटो असेल तर लवकर करतो. मी म्हटलं, देवाचा नाही, दाराला लावायचा आहे. मंगळवारी या म्हणाला.